मॉरिशसच्या माणसाचे मॉरिशस

मॉरिशस म्हटले की आपल्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. निळे पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग आणि लग्नानंतर महिन्याभरात तेथे फिरावयास गेलेला कुणाचा तरी भाचा व भाचेसून. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांनी हे चित्र इतके पक्के करून टाकले आहे की, त्या बेटावर माणसे बारा महिने राहत असतील, सकाळी डबा घेऊन बसची वाट पाहत असतील, सुटीच्या दिवशी त्यांनाही कोठे तरी जावेसे वाटत असेल, हे आपल्या ध्यानातच येत नाही. खरे पाहता १,८६५ चौरस किलोमीटरांच्या त्या मुख्य बेटावर बारा लाखांच्या आसपास लोक राहतात. त्यांत संख्येने थोडी, पण आपले देव आणि आपली गाणी सांभाळून असलेली मराठी माणसेही आहेत.

अशाच एका घरातील मुलगा आमच्या बडोद्यास गायन शिकावयास आला आणि माझ्याकडेही येऊ लागला. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपविली, तेव्हापासून या गावाला बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची सवय आहे. परंतु हा मुलगा बोले ते मराठी ऐकून आमच्या घरची मंडळी चकित झाली. शब्द कोकणातले, हेल परका, आणि मधूनच एखादा शब्द क्रेओल भाषेतला. २०२५ च्या भाद्रपदात त्याच्या घरच्या गणपतीचे निमंत्रण आले. दांडिया बाजारातला गणपती सोडून परदेशी जावयाचे जिवावर आले होते, पण गेलो. जाण्यापूर्वी त्याला एवढेच लिहिले होते की, पाहुण्यांना दाखवतात ती ठिकाणे मला नकोत. तुझ्या मनाला जेथे जावेसे वाटते ती सांग. त्याने वहीच्या पानावर सात नावे लिहून ठेवली होती. आठवे त्याच्या आईने खाली पेन्सिलीने घातले होते. ती आठ ठिकाणे पाहून आलो, त्यांची ही हकीकत आहे.

पहिले नाव होते आप्रवासी घाट. पोर्ट लुईच्या बंदरालगत, वाहत्या रस्त्याच्या कडेला काळ्या दगडांच्या काही भिंती, एक दरवाजा आणि सोळा पायऱ्या एवढेच आता तेथे उरले आहे. पत्रकांतील मॉरिशस पाहावयास आलेला माणूस येथे दहा मिनिटेही थांबणार नाही. परंतु इंग्रजांनी गुलामगिरी बंद करावयाचे ठरविल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले, आणि १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर हिंदुस्थानातून या बेटावर उतरविली गेली. बिहारची होती, तामिळ व तेलुगू मुलखांतली होती, आणि मुंबई बंदरातून आलेली रत्नागिरीकडचीही होती. १८४९ मध्ये येथे त्यांच्यासाठी तळ बांधला गेला. बोटीतून उतरल्यावर त्या सोळा पायऱ्या चढून आत यावयाचे, दोनएक दिवस राहावयाचे, आणि मग मळ्याचा मालक नेईल तिकडे जावयाचे. या जागेला पूर्वी कुली घाट म्हणत. १९८७ मध्ये हे नाव बदलले, आणि २००६ मध्ये युनेस्कोने तिची जागतिक वारशात नोंद केली.

माझ्या विद्यार्थ्याने त्या पायऱ्यांपाशी चपला काढल्या. कोणी सांगितले नव्हते. तो म्हणाला, ‘‘गुरुजी, माझं आडनाव इथं झालं.’’ त्याचा अर्थ असा की, कारकुनाने येणाऱ्याला नाव विचारले, त्याने आपले किंवा बापाचे नाव सांगितले, ते कानाला लागले तसे रोमन अक्षरांत उतरले, आणि पुढे तेच पिढ्यान्पिढ्यांचे आडनाव होऊन बसले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या नोंदींची दप्तरे जपून ठेवली आहेत. कोकणातले गाव आणि आडनाव गेले; एका खापरपणजोबांचे ‘जी’ लावलेले नाव तेवढे राहिले. आपण चार पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ सांगतो, आणि त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही.

दुसरे ठिकाण पाम्प्लमूसची बाग. तिकडे जाताना बसच्या खिडकीतून उसाची शेते दिसतात, आणि त्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांच्या राशी, काही घराएवढ्या उंच. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले असल्यामुळे जमीन दगडांनी भरलेली. लागवडीसाठी ते दगड मजुरांनी हातांनी वेचून रचले. त्या राशींवर कोणाचे नाव नाही, पण बसमधील प्रत्येकाला त्या कोणी रचल्या हे ठाऊक असते. बाग अठराव्या शतकातली, फ्रेंचांच्या अमदानीतली. प्येर प्वाव्र नावाच्या अधिकाऱ्याने लवंग आणि जायफळाची रोपे आणून लावली ती येथेच. तळ्यात परातीसारखी काठ वळलेली, माणसाच्या हाताच्या कवेत मावणार नाहीत एवढी कमळाची पाने तरंगतात. त्यांचे फूल पहिल्या संध्याकाळी पांढरे उमलते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. पंखाताडाची झाडेही आहेत. ती कित्येक दशके वाढतात, आयुष्यात एकदाच फुलतात आणि मग वाळून जातात. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हाचे पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम १९८५ मध्ये वारले. त्यांच्यावर अग्निसंस्कार याच बागेत झाले आणि त्यांचेच नाव आज बागेला आहे. या मुलाला मात्र बाग आवडते ती दुसऱ्याच कारणाने. शाळेची सहल येथे येई, आणि सहलीच्या दिवशी डब्यात दाळपुरी असे. वाटाण्याच्या डाळीचे तिखटमिठाचे पुरण भरलेली ती पातळ पोळी मी रस्त्याकडेला उभ्यानेच खाल्ली. आपल्या पुरणपोळीची ही गुळावाचून राहिलेली बहीणच म्हणावयाची.

तिसरे ठिकाण आग्नेयेस माएबूर गावाजवळ. तेथून थोड्या अंतरावर ईल ओ-झेग्रेत हे अवघे २६ हेक्टरांचे चिमुकले बेट आहे. १५९८ मध्ये डच आले, त्यांनी या देशाला आपल्या राजपुत्र मॉरिसचे नाव दिले आणि पुढे येथील शिसवी काळे लाकूड तोडून नेले. डोडो पक्षी त्याच शतकाभरात नाहीसा झाला. या बेटावर त्या जुन्या रानाचा एक तुकडा शिल्लक आहे आणि तो पुन्हा वाढविण्याचे काम चालू आहे. गुलाबी पारवा म्हणून एक पक्षी तेथे पाहिला. १९९० च्या सुमारास रानात असे दहाएकच पारवे उरले होते. आता ते शेकड्यांनी मोजतात. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ नावाचे मोठे मालवाहू जहाज येथून जवळच प्रवाळाच्या कड्यावर चढले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातील सुमारे हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात उतरले. तेव्हा सबंध देशातील माणसे किनाऱ्यावर धावली. उसाचे वाळलेले पाचट कापडी पिशव्यांत भरून, शिवून, त्यांचे लांबच लांब बांध पाण्यावर सोडले. माझा विद्यार्थी तेव्हा शाळेत होता. त्याची आजी, आई आणि शेजारणी घराच्या ओट्यावर बसून पिशव्या शिवीत होत्या. ‘‘तीन दिवस आजी शिवत होती आणि गात होती,’’ तो सांगत होता, ‘‘ते गाणं मी पहिल्यांदा तेव्हा नीट ऐकलं. त्याआधी ते नुसतं घरात असायचं.’’ तो गायन शिकावयास निघाला त्याचे मूळ मला तेथे समजले. त्या आजींच्या गाण्याविषयी पुढे सांगतो.

चौथे नाव ग्री-ग्री. मॉरिशसला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे, म्हणून किनाऱ्याशी समुद्र तळ्यासारखा शांत असतो. दक्षिणेस सुयाक गावाजवळ ही भिंत तुटली आहे, आणि तेथे महासागर थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो. जवळच एका खडकावरून लाटांचे पाणी सारखे ओघळत असते; त्याला तेथील लोक रडणारा खडक म्हणतात. रॉबेर-एद्वार आर हे मॉरिशसचे फ्रेंच कवी १९५४ मध्ये वारले. त्यांचे प्रवाळाच्या दगडांचे घर याच गावात स्मारक म्हणून जपलेले आहे. आमचा मुलगा येथे येतो तो खर्जाच्या रियाजासाठी. मला प्रथम हसू आले, कारण तेथे शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. पण उभा राहून षड्ज लावला, आणि त्याचे म्हणणे पटले. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही म्हणून गळा ओरडावयास धावतो, आणि ओरडून काही उपयोग नाही हे पाचव्या मिनिटाला कळते. मग सूर छातीत नुसता धरून ठेवावा लागतो. ही तालीम मी कोणत्याही खोलीत देऊ शकलो नसतो.

पेन्सिलीने लिहिलेले नाव गंगा तलावाचे. डोंगरमाथ्यावरील ज्वालामुखीच्या जुन्या विवरात साठलेले हे तळे. १८९७ मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला हे पाणी गंगेशी जोडलेले असल्याचे स्वप्न पडले, आणि दुसऱ्या वर्षापासून महाशिवरात्रीची पायी यात्रा सुरू झाली. १९७२ मध्ये येथे गंगाजल आणून मिसळले. २००७ पासून शंकराची १०८ फुटी मूर्तीही उभी आहे. बाई म्हणाल्या, ‘‘सर, मुलाच्या यादीत देव नव्हता, म्हणून मी घातला.’’ त्या दरवर्षी चालत जातात. त्या दिवशी भोजपुरी, तामिळ, तेलुगू, मराठी असा भेद वाटेवर राहत नाही, आणि वाटेवरच्या गावांतील इतर धर्मांचे लोकही यात्रेकरूंना पाणी देतात, असे त्यांनी सांगितले. तळ्यावर ढग उतरला होता, आणि भाद्रपदात मला शाल पांघरावी लागली. आपला भाद्रपद तो त्यांचा हिवाळा.

पाचवे ठिकाण नैर्ऋत्येचा ल मोर्न डोंगर. ५५६ मीटर उंचीचा हा एकटा कडा समुद्रात पुढे आलेला आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम याच्या गुहांत राहत. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा ती बातमी सांगावयास शिपाई वर चढू लागले, पण आपल्याला धरावयास आले असे समजून त्या लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका आहे. २००८ मध्ये या डोंगराचीही जागतिक वारशात नोंद झाली. याच डोंगराच्या पायथ्याशी १९६४ मध्ये सेगा गायनाची एक रात्र झाली, आणि ती फ्रेर नावाच्या वृद्ध गायकाला सेगाचा राजा ठरविण्यात आले. सेगा म्हणजे त्या गुलामांचे गाणे. एके काळी मळेवाले आणि पाद्री या दोघांनाही ते खपत नसे. आज सारा देश ते आपले म्हणतो. रावान नावाचे मोठे, उथळ चर्मवाद्य हे त्याचे मुख्य अंग. वाजविण्यापूर्वी ते पेटत्या काटक्यांवर शेकतात. आपले शाहीर डफ शेकतात अगदी तसे. ठेका सहा मात्रांचा. परंतु दादऱ्यासारखा तीन-तीनांत सरळ बसत नाही, मध्येच दोन-दोनांत झोका घेतो, आणि टाळी कोठे द्यावी अशा संभ्रमात पाहुणा पडतो. त्यात बिया भरलेल्या चपट्या मारावानचा खुळखुळाट आणि लोखंडी त्रिकोणाचा नाद.

सहावे ठिकाण हे एक ठिकाण नव्हेच. यादीत नुसते ‘रविवार, सुरूची झाडे’ असे लिहिले होते. रविवारी मॉरिशसचा संसार भाड्याच्या बसने समुद्रावर जातो. सुरूच्या सावलीत चटया पसरतात, बिर्याणीची पातेली उघडतात, म्हातारी माणसे पाण्यात पाय बुडवून बसतात आणि दुपार कलली की कोणी तरी रावान काढतो. शेजारीच मोठ्या हॉटेलांची कुंपणे असतात. किनारा मात्र सर्वांचा आहे, आणि तेथील माणूस हा हक्क जपून आहे.

सातवे नाव त्याच्या स्वतःच्या गावाचे होते. पश्चिम किनाऱ्याजवळ उसाच्या शेतांत वसलेले हे गाव. मॉरिशसात पहिला गणपती १८९६ मध्ये हेन्रिएटा गावी भिवाजी घराण्याने बसविला असे तेथे सांगतात. आज चतुर्थीची सार्वजनिक सुटी असते, आणि १९६० मध्ये स्थापन झालेला मराठी मंडळींचा महासंघही आहे. शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे, पण घरात आणि रस्त्यावर क्रेओलच चालते. मराठी राहिली आहे ती मुख्यतः आरतीत आणि झाकरीत. झाकरी म्हणजे आपल्या रत्नागिरीकडचे जाखडी नृत्य. फेर धरून नाचावयाचे, मध्ये ढोलकी नि झांज, आणि एकाने म्हटलेले बाकीच्यांनी उचलावयाचे.

या गावच्या झाकरीत एका गाण्याला मुले हातांत काठ्या घेऊन त्या डोलवीत फिरत होती. तेच ते आजींचे गाणे. त्यात एक शब्द वारंवार येई, आणि त्यावरून काठ्या डोलवावयाच्या असे सर्वांना माहीत होते. मी आजींना तो शब्द सावकाश म्हणावयास सांगितले. शब्द होता डोलकाठी. गावातले सर्व त्याचा अर्थ नाचात डोलवावयाची काठी असा समजत होते. वास्तविक डोलकाठी म्हणजे शिडाच्या जहाजाचा उभा खांब. जे त्या जहाजांतून आले त्यांनी कित्येक आठवडे तीच पाहिली. त्यांच्या नातवंडांना जहाज दिसले नाही, उसाच्या गावात काठी मात्र हाताशी होती.

विद्यार्थ्याने त्या रात्री मला विचारले, ‘‘गुरुजी, आता काय करू? काठ्या बंद करू? मी बडोद्याला शुद्ध शिकायला आलो, आणि घरी हे असं.’’ प्रश्न त्याला फार लागला होता. त्यात आणखी एक गोष्ट होती. जवळच्या एका हॉटेलाने या मंडळींना रात्रीच्या जेवणाच्या वेळी सात मिनिटांची झाकरी करावयास बोलाविले होते. पैसे चांगले होते. काठ्या त्यांना हव्याच होत्या, कारण त्या दिसावयास बऱ्या. आजी नको होत्या.

मी दरबारी घरातला. माझे वडील अगदी पोरवयात संस्थानच्या कलावंत कारखान्यात लागले, आणि १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हा मिसरूडही न फुटलेल्या वयात माजी दरबारी वादक झाले. ताटावर वाजविण्याची कामगिरी त्यांनाही माहीत होती. ते म्हणत, ‘‘मेजवानीला वाजवावं, त्यात कमीपणा नाही, पण काय वाजवायचं ते वाढप्याला ठरवू देऊ नये.’’ तेवढेच मी त्याला सांगितले. सात मिनिटे करा, पैसे घ्या. परंतु म्हणणार कोण हे तुम्ही ठरवा. आणि शब्दाविषयी माझे मत असे पडले की, अर्थ सर्वांना सांगावा, गाणे आहे तसे लिहून ठेवावे, आणि काठ्यांना हात लावू नये. शंभर वर्षे ज्या काठ्या डोलल्या त्याही आता त्या गाण्याच्याच झाल्या. शुद्ध स्वर मी शिकवितो तो गळ्यासाठी. त्या मापाने एखाद्या गावाची आठवण कापून काढावी असे मला वाटत नाही.

सकाळी त्याने आजींना अर्थ सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘‘काठ्या राहू देत. पोरांना हातात काहीतरी लागतं.’’ संध्याकाळी तालमीच्या आधी मुलांना बैठकेत क्रेओलमध्ये जहाजाची गोष्ट सांगितली गेली. गाणे सुरू झाले, तो शब्द आला, आणि आठेक वर्षांच्या एका मुलाने आपली काठी फेराच्या मध्यभागी जाऊन जमिनीवर उभी धरली. बाकीची मुले आपापल्या काठ्या डोलवीत त्याच्याभोवती फिरू लागली. हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. आजींनी ती ओळ आणखी दोनदा म्हणून घेतली.

हॉटेलाकडून अजून होकार-नकार आला नव्हता तेव्हा मी परत निघालो. मुलाचे शेवटचे वर्ष चालू आहे. पदवीनंतर मुंबईस राहावे, की गावच्या बैठकेत मराठी आणि गाणे शिकवावे, याचा त्याचा विचार चालला आहे, आणि त्यात गुरूने बोलू नये असे मी ठरविले आहे. आजी चौऱ्यांशीच्या आहेत. मी असेपर्यंत अकरा गाणी उतरून झाली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चाळीसएक आहेत.

वाचकांपैकी कोणी मॉरिशसला जाणार असेल तर एवढेच सांगेन. जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस, ते टाळावेत. बस सगळीकडे जाते, तिने फिरावे. निळे पाणी जरूर पाहावे. ते खरोखरच सुंदर आहे. आणि भाद्रपदात गेलात, नि उसाच्या शेतांपलीकडून झांजेचा आवाज आला, तर वाट वाकडी करून तेथे जावे आणि यजमानांशी आपल्या मराठीत सावकाश बोलावे. काही शब्दांचे अर्थ तुम्ही त्यांना सांगाल, आणि काही शब्द आपण कधी विसरलो ते ती माणसे तुम्हाला सांगतील.